देवराईतलं टेबल

मेहरूआपा देवराईतून बाहेर पडताना अंग झाडायच्या. आधी पदर, मग निऱ्या, मग चपला काढून एकमेकींवर आपटायच्या आणि शेवटी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "बग गं, काय चिकटलंय का." मी पाठीवरची एखादी वाळकी काडी, एखादं कुसळ काढून त्यांच्या हातात द्यायचे. त्या ते वाकून हद्दीच्या दगडाच्या आत ठेवायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना स्वच्छतेचं वेड आहे. मग त्यांचं ऑफिस पाहिलं आणि तो गैरसमज दूर झाला.

कोळवण खोऱ्याच्या आतल्या अंगाला एका वाडीच्या डोक्यावर ही देवराई आहे. वाघजाईच्या नावानं राखलेलं रान. तिथला नियम एकच, पण कडक. आतलं काही बाहेर न्यायचं नाही. उभं झाड तोडायचं नाही हे तर झालंच, पण गळलेलं पान, मोडलेली फांदी, वाऱ्यानं पडलेलं खोडसुद्धा नाही. चुलीला सरपण नसलं तरी नाही. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, जमिनी विकल्या गेल्या, शहरातल्या लोकांची फार्महाऊसं आली, तरी तेवढं रान गच्च राहिलं ते या एका नियमामुळे. आपांची संस्था हा नियम सांभाळायची. काम एवढंच होतं. अडचण अशी, की एवढ्याच कामाला कुणी देणगी देत नाही.

पौडच्या बाजारपेठेत तांबोळ्यांचं पानाचं दुकान आहे, त्या घरातली ही मुलगी. शिकून शिक्षिका झाली, मुळशीतल्या शाळांमधून फिरली आणि निवृत्तीला अवकाश असतानाच नोकरी सोडून ही संस्था काढली. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, एखादा कपडा दोरीवर राहून जावा इतक्या सहज. दुकान भाऊ चालवायचा आणि माडीवर संस्थेचं ऑफिस. तिथं रोपांच्या पिशव्या, बियांचे डबे, दोन खुर्च्या, जुने गणवेश आणि एक शिवणयंत्र असं सगळं एका खोलीत होतं. पाहुणा आला की त्याला कुठं बसवायचं हे ठरवण्यात पहिली पाच मिनिटं जायची.

मी तिथं नोकरी मागायला गेले तेव्हा माझ्याकडे पर्यावरणशास्त्राची पदवी होती आणि मुलाखतीची उत्तरं पाठ होती. आपांनी त्यातलं काही विचारलं नाही. "कुठली तू?"

"माण."

"म्हंजे घरात खोल्या भाड्यानं दिलेल्या असतील."

दिलेल्या होत्या. आमची शेती हिंजवडीच्या आयटी पार्कात गेली आणि वडिलांनी उरलेल्या जागेवर तीन मजले चढवले.

"तुमच्या रानात झाड कुठलं हुतं?"

"चिंच."

"आंबट का ग्वाड?"

मला एकदम आठवलं. सगळी चिंच आंबट होती, पण विहिरीकडच्या एका फांदीची गोडसर लागायची. का ते कुणालाच माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. आपांनी डब्यातून पान काढलं, चुना लावला आणि म्हणाल्या, "उद्यापासनं ये." ती चिंच गेली त्या जागी आता कंपनीचं फाटक आहे. तिच्याबद्दल तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी जिना उतरून खाली आले आणि दुकानासमोर उभी राहून रडले. आपांच्या भावानं काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला. माडीवरून रडत उतरणारी मी काही पहिली नसावे.

आपा ठेंगण्या, सावळ्या, भुवया जाड. सुती साडी, डोक्यावर अर्धा पदर, पायात पुरुषी चपला, कारण बायकांच्या चपला चढाला टिकत नाहीत असं त्यांचं म्हणणं. कमरेला पानाची चंची. बोलणं दोन तऱ्हांचं होतं. पुण्याच्या लोकांशी शाळामास्तरणीचं शुद्ध मराठी आणि बाकी जगाशी पौडचं. रागावल्या की मात्र शुद्ध बोलायच्या, त्यामुळे "सविता, आपण जरा इकडे याल का?" असं ऐकू आलं की मी आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचे.

विड्याची पानं ओल्या फडक्यात गठ्ठा करून ठेवतात. रोज तो गठ्ठा सोडून एकेक पान उलटं-सुलटं करून पाहावं लागतं. एक जरी नासकं राहिलं तर सकाळपर्यंत शेजारची धरतं. आपांच्या घरात याला पान फिरवणं म्हणतात आणि आपांनी तो शब्द जन्मभर सगळ्याला वापरला. दर बुधवारी त्या कोळवणच्या एसटीत बसायच्या. "जरा पान फिरवून येते." काम असो नसो. संस्थेची जीप दारात असली तरी एसटीनंच, कारण जीपमधून उतरणाऱ्या बाईला कुणी खरं सांगत नाही. वाडीत गेल्यावरही त्या काही विशेष करायच्या नाहीत. कुणाच्या ओट्यावर बसायच्या, कुणाला पान लावून द्यायच्या, कुणाची सून माहेरी का गेली ते ऐकून घ्यायच्या. एखादा पोरगा जमीन विकायला निघाला असेल तर त्याला उपदेश करायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, "वढ्याची वाट कागदावर काय लिवलीस? ती इकू नको, बाकी तुजं तू बग." पोरगा चपापायचा, कारण ओढ्याचं त्याच्या ध्यानातच आलेलं नसायचं. मी सुरुवातीला या बुधवारांचा अहवाल कसा लिहायचा म्हणून डोकं धरून बसायचे.

अहवालावरून एक आठवलं. हिंजवडीच्या एका कंपनीत आम्ही देणगी मागायला गेलो होतो. काचेची खोली, थंडगार. समोरचा अधिकारी तरुण होता, सज्जन होता. त्यानं विचारलं, "मॅडम, तीन वर्षांत तिथे काय बदल झाला, ते दाखवता येईल का?"

आपा म्हणाल्या, "काहीच बदल झाला नाही."

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला.

"झाडं होती तिथेच आहेत. झरा होता तिथेच आहे. आजूबाजूला एवढं सगळं बदललं आणि तिथे काही बदलू दिलं नाही, त्याच कामाचे पैसे मागतोय आम्ही."

त्या अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मग हसला. देणगी मिळाली, पण सोबत एक अट आली की वर्षातून एकदा कंपनीची मुलं श्रमदानाला येतील. आपांनी होकार दिला. पुढचं सगळं रामायण त्या होकारातून झालं.

आणखी एक प्रश्न त्यांना सारखा यायचा आणि विचारणारा नेहमी आवाज खाली आणायचा. तुम्ही मुस्लिम, आणि काम वाघजाईच्या रानाचं, मग कसं काय? आपा मात्र आवाज खाली आणायच्या नाहीत. "आईचा विडा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या दुकानातून जातोय. जुनं गिऱ्हाईक आहे आमचं. जुन्या गिऱ्हाइकाच्या घरात चोरी व्हायला लागली तर बघत बसायचं होय?" त्या कधी देवळात गेल्या नाहीत, बाहेर पायरीपाशी पदर सारखा करून उभ्या राहायच्या. जत्रेच्या दिवशी विड्यांची टोपली त्यांच्या हातूनच पायरीवर ठेवली जायची. वाडीला यात नवल वाटत नसे आणि पाहुण्यांनी नवल केलं की वाडी पाहुण्यांकडे बघायची.

श्रमदान चैत्रातल्या जत्रेनंतर ठरलं. जत्रेत प्लास्टिकच्या पत्रावळी, पाकिटं, बाटल्या यांचा खच पडतो, तो मुलांनी उचलावा असा बेत. दोन बसगाड्या भरून मुलं आली. सगळ्यांना एकसारखे शर्ट, हातमोजे. कंपनीचे साहेबही आले आणि आपांना त्यांच्यापाशी बसावं लागलं. हद्दीच्या दगडाजवळ पान लावत त्या त्यांना नियमच समजावून सांगत होत्या. मी झऱ्याच्या बाजूला दुसऱ्या गटाबरोबर होते. नियम काय आहे हे आपांनी साहेबांना सांगितलं, पण मुलांना सांगायचं राहून गेलं.

मुलं भारी कामसू. त्यांनी प्लास्टिक उचललं, मग पालापाचोळा उचलला, मग वाळक्या फांद्या, मग खराट्यानं जमीन झाडली. आपा आत आल्या तेव्हा वाघजाईचं रान महाळुंग्याच्या एखाद्या सोसायटीच्या बागेसारखं चकचकीत झालं होतं आणि बाहेर पोत्यांची रास लागली होती. मुलं कौतुकाची वाट बघत उभी होती. आपांनी एकदा सगळीकडे पाहिलं. मग शुद्ध मराठीत म्हणाल्या, "फार सुंदर. आता हे सगळं परत आत पसरायचं आहे."

मुलांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. पुढचे दोन तास हिंजवडीचे इंजिनियर पोत्यांतून पाला काढून मूठमूठ पसरत होते आणि आपा मागून सांगत होत्या, "तिथं नाही, तो कुंभ्याचा पाला आहे, कुंभ्याखाली." जाताना मुलं हसून हसून बेजार झाली होती. आपाही हसल्या. सगळं परत गेलं असं त्यांना वाटलं, आम्हालाही.

त्याच आठवड्यात आपांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चढ वर्ज्य केला. पावसाळा तसाच गेला. देवराईच्या मागच्या अंगाला पावसात कमरेइतकं रान माजतं, जळवा असतात, तिकडं कुणी फिरकत नाही. कितीतरी बुधवार आपा माडीवर पाय लांब करून बसल्या आणि चिडचिड करत राहिल्या. "पान फिरवायचं ऱ्हायलंय," एवढंच म्हणायच्या.

दसऱ्यानंतर वाडीतून निरोप आला, सभा आहे, आपांनी यावं.

सभा देवळापुढं होती. दत्ता म्हणून तरुण मंडळाचा पुढारी होता, हुशार पोरगा, आपांच्याच शाळेत शिकलेला. मंडळाला देवीपुढं सिमेंटचा सभामंडप बांधायचा होता. त्यासाठी देवराईतली मोजकी जुनी झाडं एका लाकूडवाल्याला द्यायची असं ठरत आलं होतं. आपा काठी टेकत उभ्या राहिल्या आणि नियमाचं बोलायला लागल्या.

दत्तानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपा, न्येम तर मोडलाय. मागल्या अंगाला ऐनाचं खोड पडल्यालं, ते कुटं हाय?"

आपांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुनी न्हेलं ते आमी बगितलं न्हाई. पन श्रमदानाच्या दिशी गाड्या तुमच्याच हुत्या. येवडं खोड भाईर गेलं, आईनं काय केलं? काय न्हाई. मंग आमाला का म्हनून भ्या घालताय?"

बिनतोड होतं. माणसं माना हलवायला लागली. देवराईला लागूनच घर असलेली ठकूबाय कोपऱ्यात बसली होती, तीसुद्धा खाली बघत होती. आपांनी काठी जमिनीत रोवली. त्या म्हणाल्या, "माज्या मानसानं हितनं काडी न्हेली न्हाई. न्हेली आसंल तर मी ती परत आनून ठेवीन. न्हाई आनली तर तुमी झाडं तोडा, मी आडवी यायची न्हाई."

येताना एसटीत मी म्हटलं, "आपा, असा शब्द द्यायला नको होता." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माज्या मानसांवर माजा इस्वास हाय." आपल्या माणसांवरचा विश्वास हा आपांचा मोठा गुण होता आणि त्या आठवड्यात तो त्यांना फार महाग पडणार होता.

कारण पुढच्याच रविवारी विश्वस्तांची बैठक मालविकाताईंच्या फार्महाऊसवर होती. मालविकाताई पुण्याच्या. नवऱ्याचा कारखाना, स्वतःला झाडांची आवड. संस्थेची जीप त्यांनी दिलेली, रोपवाटिका त्यांच्या जागेत आणि तिथल्या बायकांचे पगारही त्यांच्याकडून. आपांच्या त्या खऱ्या मैत्रीण होत्या. आपांना "मेहरू" म्हणणाऱ्या त्या एकट्याच. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात रात्री झोपायला थांबल्या त्याही त्याच.

व्हरांड्यात नवं टेबल होतं. एकसंध जाड फळी, कडा तशाच ओबडधोबड ठेवलेल्या, वर चकाकणारं वार्निश, खाली लोखंडी पाय. आपांनी चहाचा कप त्यावर ठेवता ठेवता विचारलं, "हे गं कधी केलंस? छान आहे."

मालविकाताईंचा चेहरा फुलला. "ओळख बघू. तुझ्याच देवराईतला ऐन. श्रमदानाच्या दिवशी मी आले होते ना, तेव्हा मागच्या रस्त्यावरून आत पडलेला दिसला, सडत होता बिचारा. आमच्या माणसाला सांगितलं, ट्रॅक्टर घेऊन जा. एवढी एकच फळी धड निघाली. बघ आता कसा दिसतोय."

आपांनी टेकलेला कप उचलला. बैठक चांगली लांबली. रोपं, पगार, पुढच्या वर्षाचं काम, सगळं झालं. आपा नीट बोलल्या, मुद्दे मांडले, पण चहा निवून साय धरली तरी तो कप हातातच होता. टेबलावर त्यांनी तो पुन्हा ठेवला नाही. बाकीचे विश्वस्त गेले तेव्हा त्यांनी तो जिन्याच्या पायरीवर ठेवला.

"मालविका, मला हे टेबल पाहिजे."

"ने की. ऑफिसला हवंय?"

"देवराईत परत ठेवायला."

मालविकाताईंना आधी समजेना. समजलं तेव्हा त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "सडवायला? अगं, उभं झाड नाही तोडलं, वाया जाणारी गोष्ट वाचवली मी. हवं तर त्याच्या बदल्यात शंभर झाडं लावते तिथे."

"तिथे झाडं लावायची नसतात. तिथलं तिथे राहू द्यायचं असतं."

"मेहरू, इतकी वर्षं मी तुझ्याबरोबर आहे. मला चोर ठरवणार तू, गावासमोर?"

"तुझं नाव घेणार नाही. चूक माझी आहे. त्या दिवशी मी साहेबांना पान देत बसले आणि जे सांगायचं ते माझ्याच माणसांना सांगितलं नाही. पण मी शब्द दिलाय गं."

"माझ्या टेबलाचा शब्द तू कसा दिलास?"

"तेव्हा ते टेबल आहे हे ठाऊक नव्हतं."

मालविकाताईंनी पायरीवरचा कप उचलला. मग म्हणाल्या, "ने. पण मग मला यात राहता येणार नाही." आणि आत गेल्या. मी आजवर बरीच भांडणं पाहिली, आमच्या माणमध्ये तर जमिनीवरून भाऊ भावावर कोयता घेऊन गेलेला पाहिला, पण त्या व्हरांड्यातल्यासारखं वाईट मला कुठंच वाटलं नाही. दोघींपैकी कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

परतीच्या वाटेवर मी हिशेबी बोलायचा प्रयत्न केला. जीप जाईल, रोपवाटिका जाईल, तिथल्या बायकांचं काय? खोड कुठं गेलं ते गावाला कधीच कळणार नाही. आपा म्हणाल्या, "व्हय, कळनार न्हाई." पौडला उतरताना म्हणाल्या, "टेंपो बग कुनाचा."

टेम्पोत टेबल चढवून आम्ही वाडीत गेलो. टेबल बघून पोरं खिदळायला लागली. एकजण म्हणाला, "आपा, आई आता टेबलावर बसून जेवनार व्हय?" आपा म्हणाल्या, "तुला वाढपी ठिवनार हाय." मग दत्ताला हाक मारली. "जड हाय, चार पोरं दे." दत्ता टेबलाकडे बघत राहिला, कडेच्या सालीवर त्यानं हात फिरवला आणि त्याला कळलं. तो स्वतःच एका बाजूला लागला.

आत नेण्याआधी आपांनी पाना मागितला आणि लोखंडी पाय सोडवायला लावले. "हे आईचं न्हवं. ज्याचं त्याला दिऊ." ते चारी पाय पुसून, पोत्यात गुंडाळून मालविकाताईंकडे परत गेले. मीच नेऊन दिले. त्यांनी दारातच घेतले आणि विचारलं, "चढावर ती कशी चढली गं, गुडघा दुखला का?" दुखला होता, रात्रभर. मी म्हटलं, नाही.

ऐन पडला होता त्याच जागी फळी आडवी ठेवली. वाडीतले बहुतेक लोक जमले होते. आपा म्हणाल्या, "मी तुमच्याफुडं म्हनले हुते, माज्या मानसानं काडी न्हेली न्हाई. ते खोटं निगालं. कुनी न्हेलं ते इचारू नका, चूक माजी हाय. न्हेलेलं आनून ठिवलंय. आता तुमी ठरवा." आणि काठी टेकत बाजूला झाल्या. वार्निश केलेली ती फळी पाचोळ्यात इतकी विजोड दिसत होती की मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. हा सगळा खटाटोप फुकट गेला तर, एवढंच डोक्यात होतं.

बोलली ती ठकूबाय. तिनं फळीवर बोटानं टकटक करून पाहिलं. "गेल्यालं आलं. आता कुनाला आजून न्यायचं आसंल त्यानं आदी सांगावं, परत कवा आनून ठिवनार." आणि घराकडे चालायला लागली.

दत्तानं तिच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आपा, पन मंडपाचं काय?"

"मंडपाला मी हिंडते की तुज्यासंगं," आपा म्हणाल्या.

आणि हिंडल्या. काठी टेकत, दत्ताच्या मोटारसायकलवर मागं बसून, कोळवणपासून माणपर्यंत वाघजाईच्या मंडपासाठी दारोदार हिंडल्या. पौडच्या पेठेतल्या दुकानदारांनी पत्रे दिले, आमच्या वडिलांनी खोल्यांच्या बांधकामातून उरलेलं लोखंड दिलं. मंडप पत्र्याचा झाला. पावसात त्याखाली एक अक्षर ऐकू येत नाही, पण झाला. जीप मात्र गेली, रोपवाटिका बंद पडली. तिथल्या बायकांना आपांनी दुकानात, ओळखीत, जमेल तिथं लावून दिलं, तरी दोघींना काही मिळालं नाही आणि त्याची बोचणी आपांना शेवटपर्यंत होती. लोक त्यांना थोर वगैरे म्हणायला लागले की त्या दोघींची नावं घ्यायच्या.

मालविकाताई दोन पावसाळ्यांनंतर एकदा आल्या, एकट्याच, न कळवता. आम्ही देवराईतच होतो. फळीजवळ जाऊन त्यांनी पाहिलं. एका कडेला वाळवी लागली होती, दुसऱ्या कडेवर भूछत्रं उगवली होती आणि मधोमध अजून चकाकत होतं. त्या म्हणाल्या, "वार्निश मात्र चांगलं लावलं होतं." आपा म्हणाल्या, "त्याचाच आईला तरास व्हतोय." दोघी हसल्या. आपांनी चंची सोडून पान लावलं आणि मालविकाताईंनी ते खाल्लं. बाहेर पडताना दोघींनी एकमेकींच्या पाठी झाडल्या. जीप परत आली नाही, कुणी मागितलीही नाही, पण सणासुदीला माडीवर पुण्याहून डबा यायला लागला.

गेल्या हिवाळ्यातला एक बुधवार. आपांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी चढच काय, जिनासुद्धा बंद केला होता. तरी "पान फिरवून येते" म्हणून निघाल्या आणि मी सोबत गेले. त्या दिवशी त्या फळीजवळ बराच वेळ बसल्या. फळी आता फळी राहिली नव्हती, हात लावला की भुसा पडायचा. निघताना नेहमीसारखं अंग झाडलं. चपला आपटायला वाकता येईना, तेवढं मी केलं.

त्या दिवसांत मला पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेतून बोलावणं आलं होतं. चांगली जागा होती. मी आपांना सांगितलं नव्हतं, कसं सांगावं तेच कळत नव्हतं.

पौडला स्टँडवर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. दुकानाच्या पायरीशी आल्यावर मला दिसलं, त्यांच्या पांढऱ्या अंबाड्यात एक पान अडकलं होतं. पदराखाली होतं म्हणून झाडताना दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "आपा, केसांत पान आहे."

त्यांनी चाचपून ते काढलं, डोळ्यांजवळ नेलं. "अंजनीचं." मग स्टँडकडे पाहिलं. कोळवणची शेवटची गाडी समोरच सुटत होती आणि तिच्यामागं धावायचे त्यांचे दिवस राहिले नव्हते. त्यांनी चंचीतून ओलं फडकं काढलं, विड्याच्या पानाला गुंडाळतात तसं ते पान त्यात गुंडाळलं आणि माझ्यापुढं धरलं.

"तू जाशील न्हवं बुधवारी?"

"जाईन."

"जाशील न्हवं?"

त्यांना माझ्या बोलावण्याचं कुठून तरी कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी पुन्हा "जाईन" म्हणाले आणि ते फडकं घेतलं. त्यांनी मान हलवली, पायरी चढण्यापूर्वी एका हातानं दाराची चौकट धरली आणि दुसऱ्या हातानं अंबाडा पुन्हा एकदा नीट चाचपून पाहिला. मग आत गेल्या. त्यानंतर चार दिवस मी सुट्टीवर होते, त्यांना पुन्हा जिवंत पाहिलं नाही.

सोमवारी पहाटे त्या गेल्या. पौडच्या कबरस्तानात कोळवणची माणसं दोन जीप भरून आली होती. दत्ता शेवटपर्यंत माती लोटत होता. मालविकाताई फाटकाबाहेर आपांच्या भावजयीचा हात धरून उभ्या होत्या.

बुधवारी मी एसटीनं गेले. पान फडक्यात तसंच ओलसर होतं, मी रोज उलटंसुलटं करून पाहत होते. अंजनीच्या बुंध्याशी ठेवलं. ऐनाच्या जागी आता नुसता तपकिरी उंचवटा होता आणि त्यावर हिरवं काहीतरी रुजलेलं. बाहेर आले तर ठकूबाय हद्दीच्या दगडापाशी उभी होती. मी ओढणी झाडली, चपला काढून आपटल्या आणि निघाले.

"थांब," ठकूबाय म्हणाली. "पाट कर हिकडं. हाय आजून."